भिंतीवरची खिडकी

"उलटंच करायचं होतं, तर पुस्तकात आधीच उलटं छापायला काय झालं होतं?" मुंगी वहीवर डोकं टेकून पुटपुटली.

शाळा सुटली की ती बाबांच्या चष्म्याच्या दुकानात, काउंटरमागे बसून गृहपाठ उरकायची. आज गुणाकार व्यस्त काढायचे होते. दोन छेद पाचचं पाच छेद दोन करताना तिचा पेन अडत नव्हता; पण कशासाठी, हे कोणी सांगत नव्हतं.

आई शेजारी फ्रेमा पुसत होती. वर्षभरापूर्वी ती दुकानात डोकावली, तर चष्मेवाला गिऱ्हाइकासारखं तिला 'काय दाखवू' म्हणायचा. आता ती रोज येत होती. चिठ्ठ्यांवरचे नंबर ठळक करून ठेवायची, हव्या त्या काचा त्याच्या हाताशी सरकवायची, आणि कोणी विचारलं तर घरी करमत नाही म्हणायची. त्याच्यापासून लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. डॉक्टर त्याच्या डोळ्यांत काचबिंदू आहे म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही म्हणाले, उरलेलीचाही भरवसा देता येत नाही म्हणाले, तेव्हा दोघं मांडीला मांडी लावून बसली होती. घरी आल्यावर बोलणं निघालं ते दूध नासल्याचं. त्यानंतर तो विषय निघालाच नाही.

मुंगीची कुरकुर ऐकून चष्मेवाला खुलला. या व्यस्तावरच आपली चूल पेटते, असं त्याने तिला सांगितलं. काचेतून उजेड किती मीटरवर एकत्र येतो ते मोजायचं, त्याचा व्यस्त काढायचा, की झाला चष्म्याचा नंबर. अर्धा मीटर असेल तर दोन, पाव असेल तर चार. मुंगीने लगेच शून्याचा व्यस्त विचारला. शून्याला नसतो, तो म्हणाला. शून्याला कशानेही गुणलं तरी एक येत नाही.

मग त्याने शिंपीणबाईंसाठी काढलेली काच उचलली. बाईंनी चष्मा दोनदा परत आणला होता. सुई नीट दिसत नाही म्हणत होत्या. सवय होईल, असं सांगून आईनेच त्यांना दोन्ही वेळा वाटेला लावलं होतं. नंबर दोन हवा होता. पाकिटावरच्या आकड्यापेक्षा भिंत खरी बोलते, हा चष्मेवाल्याचा जुना हेका. खिडकीसमोरच्या भिंतीशी त्याने पट्टी धरली, तिच्यावरून काच मागे सरकवत नेली आणि पन्नासवर थांबवली.

"आली बघ भिंतीवर आपली खिडकी. अर्धा मीटर. व्यस्त?"

मुंगी भिंतीजवळ गेली. तिथे नुसता पांढुरका डाग होता. तिने बाबांचं मनगट धरून काच हळूहळू पुढे घेतली. चाळीसवर डागाची खिडकी झाली, इवलीशी, उलटी, गजन्‌गज मोजावा अशी.

"चाळीस सेंटीमीटर म्हणजे दोन छेद पाच," ती म्हणाली. "व्यस्त पाच छेद दोन. बाबा, हा अडीच आहे."

आईच्या हातातलं फडकं थांबलं. भिंतीचा रंग उडालाय, तिथे काय नीट दिसणार, असं ती म्हणाली. बाबा सांगतात ते लिही आणि वही मीट, हेही म्हणाली.

"पण आई, दोन छेद पाचला दोनने गुणलं तर चार छेद पाच येतं. एक यायला हवा."

"मुंगे, लिही म्हटलं ना दोन."

मुंगीने पेन उचलला आणि तसाच धरून ठेवला. चष्मेवाल्याने काच चाचपत ट्रेमध्ये ठेवली. ती ट्रेच्या काठावर आपटली. आईने सवयीने आत सरकवली.

"तिला खोटं लिहायला लावू नकोस," तो म्हणाला. "तिचंच बरोबर आहे. मला भिंतीवरची खिडकी दिसत नाही गं. मी आपला अंदाजाने हात थांबवतो."