सगळी दारं निळी

या, जरा जवळ सरकून बसा. सिरियाकाच्या निरोपाची गोष्ट सांगतो, आणि ती अर्ध्यावर सोडणार नाही.

आमच्या डोंगरातल्या गावात मरणाऱ्याला निरोपाचं गाणं ऐकवून पाठवायची रीत. गाणारे म्हातारे एर्मेलिंदो, सगळ्या गावाचे ताता. सिरियाका त्यांच्या लेकाची बाप्तिस्म्यातली धर्ममाता. "मी जाईन ती तुमच्या आवाजावर," असं वचनच तिनं घेतलं होतं. महिनाभर ताता लेकीच्या मळ्यावर होते. त्या दुपारी सांगावा आला, म्हातारी घटका मोजतेय.

ताता धापा टाकत बोळात शिरले आणि थबकले. आमच्याकडे घराचा नंबर कुणी सांगत नाही, दाराचा रंग सांगतो. सिरियाकाचं पिवळं, कुंभाराचं हिरवं. पण गाव बघायला येणाऱ्या पाहुण्यांना ते जुनं दिसावं म्हणून त्याच महिन्यात नगरपालिकेनं भिंती पांढऱ्या आणि दारं झाडून सगळी निळी केली होती. पायाखालचे दगड ओळखीचे, वरचं सगळं परकं.

एक दार ठोठावलं, तर आत खानावळ.

"इथं लोहार राहायचा ना?"

"तो शहरात गेला म्हणे, ताता. जेवणार का?"

"सिरियाकाचं घर कुठलं, बाई?"

"मी इथली नाही हो. निळं दार बघा."

पुढं फिदेन्सिओ न्हावी भेटला.

"मला विचारता? काल मी शेजारणीच्या घरी जाऊन बसलो. तिनं हसून जेवायला वाढलं, तेव्हा कळलं की घर आपलं नव्हे."

तातांना हसूही येईना. पुढं जावं की मागं? हा बोळ तरी तोच का? तिकडे तिचा श्वास संपत असेल. शेवटी त्यांनी टोपी काढली आणि भर बोळात उभं राहून गायला सुरुवात केली.

घरच्यांनी पालुपद धरायचं असतं. ते या दारामागून आलं, त्या दारामागून आलं, खानावळीतूनही आलं. भिंती इतक्या जवळ, की कोण कुठून गातंय तेच कळेना. तातांनी डोळे मिटले आणि शेवटच्या कडव्यापर्यंत गात राहिले.

मग एक दार उघडलं. सिरियाकाची लेक ओब्दुलिया डोळे पुसत उभी होती.

"आई म्हणाली, 'आले बघ.' पालुपदाला ओठ हलवत होती. आत्ताच गेली."

"मी उशाशी नव्हतो, पोरी."

"तिला कुठं कळलं ते?"

ताता आत जाऊन बसले. पण हे तिचंच घर, हे त्यांच्या मनाला काही केल्या पटेना.

आज देवापुढं हात जोडाल, तेव्हा आमच्या सिरियाकाची आठवण ठेवा.