सात नंबरचा पडदा

‘मायेची सावली’त आया म्हणून लागून लंकाबाईला चार वर्षं झाली होती. एवढ्या काळात माया काही तिच्या नजरेस पडली नव्हती. सावली होती, पण ती दारातल्या कडुनिंबाची. नगरच्या बायपासला असलेल्या या आश्रमात स्मृती गेलेली म्हातारी माणसं ठेवलेली. आत शिरलं की समोरच भली मोठी पाटी: ‘येथे प्रत्येक व्यक्तीचा सन्मान राखला जातो.’ ती पाटी रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायची, मग म्हाताऱ्यांना. एक नंबरची अंघोळ, दोन नंबरचं डायपर, तीन नंबरची गोळी. सन्मान असा नंबरवार चालायचा.

सात नंबर म्हणजे शिंगणापूरच्या छबूबाई. आल्या तेव्हा कुणी दार लोटलं की त्यांचा जीव कासावीस व्हायचा, दिवसभर दारावर थापा मारायच्या. शेवटी व्यवस्थापक पंकजा मॅडमनी सुतार बोलावून दारच काढलं आणि चौकटीला हिरवा पडदा टांगला. थापा बंद झाल्या. छबूबाई पोटभर जेवू लागल्या, खाटेवर मांडी घालून गुणगुणू लागल्या. आणि त्याच आठवड्यापासून आत येईल त्याला झोडपू लागल्या. एका नर्सच्या मनगटाला कडकडून चावल्या, दुसरीच्या अंगावर वरणाची वाटी भिरकावली.

मॅडमनी रजिस्टरात लाल शाईनं लिहिलं, ‘आक्रमक’. एकदा लाल शाईनं लिहिलं की मॅडमचं डोकं विचार करायचं थांबायचं.

लंकाबाईला मात्र छबूबाईंनी कधी बोट लावलं नव्हतं. असं का, हे कुणी विचारलं नाही. लंकाबाई आपणहून सांगायला गेली, तर मॅडम म्हणाल्या, “लंकाबाई, तुम्ही फरशी बघा.” फरशी स्वच्छच होती. मॅडमनी ती कधी बघितली असती तर ना!

आज छबूबाईंचा मुलगा कल्याण पुण्याहून आला होता. त्याच्या एका सहीवर सगळं अडलं होतं. सही झाली की संध्याकाळपासून छबूबाईंचे हात खाटेला बांधणार आणि झोपेचं इंजेक्शन सुरू करणार. लंकाबाईनं अशी बांधलेली माणसं पाहिली होती. महिन्याभरात ती चमचासुद्धा धरायचं विसरायची.

“त्यांच्याच सुरक्षिततेसाठी आहे हो,” मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. “इतकं केलं आपण. दारसुद्धा काढलं. उपकाराची जाणीवच नाही.”

कल्याणनं खिशातून पेन काढलं. लंकाबाईच्या डोक्यात सणक गेली. नोकरी जाते तर जाऊ दे, असं म्हणून तिनं हातातलं फडकं टेबलावर आपटलं.

“सायेब, तुमी शिंगनापूरचंच ना?”

“हो. पण आता पुण्यालाच असतो. बाराव्या मजल्यावर.”

“दाराला कुलपं किती?”

“तीन.” तो गोंधळला. “का?”

“तुमच्या आईच्या घराला किती हुती?”

मॅडम मध्येच म्हणाल्या, “लंकाबाई, हे काय चाललंय?”

“माजं म्हायेर तिकडचंच हाय, मॅडम. तिथं घराला दार नसतंय, नुसता पडदा. म्हनून काय कुनीबी आत घुसतंय व्हय? भायेरून हाक मारायची. आतून ‘या’ म्हनलं की मग पाय टाकायचा. तुमी दार काढलं अन् म्हातारीला तिचं घर घावलं. आता तिच्या घरात तुमी न इचारता शिरता, लुगडं फेडता. मारंल न्हाई तर काय ओवाळंल?”

मॅडम हसल्या. “एवढंच ना? बघा.” त्या तरातरा सात नंबरकडे निघाल्या. “आहात का घरात?” असं ओरडत ओरडतच त्यांनी पडदा सारला आणि आत गेल्या. दुसऱ्या क्षणाला स्टीलचा तांब्या भिंतीवर आपटल्याचा आवाज आला आणि मॅडम ओल्याचिंब होऊन बाहेर आल्या.

“पाहिलंत?” त्या कल्याणवर खेकसल्या. “करा सही!”

लंकाबाईला हसू आवरेना आणि रडूही येऊ लागलं. हाक मारली की उत्तराची वाट बघायची असते, एवढंही या बाईला कुणी शिकवलं नव्हतं. पाट्या मात्र लावता येतात.

कल्याण पडद्यापाशी गेला. बूट काढून त्यानं बाजूला ठेवले. सहीचा कागद अजून हातातच होता. घसा खाकरून त्यानं हाक मारली, आणि पुण्याची भाषा त्याच्या तोंडातून कुठल्या कुठे पळाली.

“हाय का कोन घरात?”

आतलं गुणगुणणं थांबलं.

“कोन हाय?”

“मी कल्याण.”

“कल्याण साळंत गेलाय,” आतून आवाज आला. “तुमी कोन पाव्हनं?”

त्याचे डोळे भरून आले. “त्याच्याच वळखीचा हाय,” तो कसाबसा म्हणाला.

“थांबा जरा. पदर घेते.”

तो थांबला. एक मिनिट गेलं, दोन गेली. आत बांगड्या वाजत होत्या, खाट करकरत होती. लंकाबाईच्या मनात त्याच्याबद्दल सकाळपासून साचलेला राग उतरत गेला. मॅडम पदर पिळत उभ्या होत्या.

“अहो, जा ना आत,” त्या वैतागून म्हणाल्या. “दार कुठंय तिथं?”

कल्याणनं हातातला कागद दुमडून त्यांच्या ओल्या हातात दिला.

“थांबा मॅडम,” तो म्हणाला. “ती अजून ‘या’ म्हणाली नाही.”