वाणातली किल्ली

दोन हजार एकवीस साली संक्रांतीचं हळदीकुंकू मी गाड्यांच्या खिडक्यांतून केलं. करोनाचे दिवस होते, घरात कोणाला बोलावता येत नव्हतं. पण वर्ष मोडायचं नाही म्हणून इथे परदेशात, हर्नडन गावातल्या आमच्या घरासमोर, ड्राइव्ह-वेच्या तोंडाशी मी घडीचं टेबल मांडलं. यजमान गेल्यावर मी हे करू नये असं काही जणींचं म्हणणं होतं, ते त्यांचं त्यांच्यापाशी. आदल्या दिवशी बर्फ भुरभुरून गेला होता. काळ्या साड्या नेसलेल्या बायका एकेक गाडी पुढे घ्यायच्या, काच खाली व्हायची, मी हात लांब करून तिळगूळ, कुंकवाची पुडी आणि वाणाची वाटी द्यायची, काच वर जायची. गाड्यांमागून वाफ निघत होती, वाफेत लाल दिवे विरघळत होते. पाण्याखाली कुठेतरी एक गाव असावं आणि तिथे हा सण चालला असावा, असं मला वाटत होतं.

त्या रांगेत एक पांढरी व्हॅन आणि एक निळी टोयोटा यांच्या मधोमध रत्ना उभी होती. पायी. व्हॅन पुढे सरकली की तीही तेवढीच पुढे सरकायची. जाड कोटाखाली चंद्रकळेचे काठ, पायांत बर्फाचे बूट.

"अगं, बाजूने ये की पुढे!" मी ओरडले.

"नको काकू, रांग म्हणजे रांग. मागची बाई हॉर्न मारेल."

टोयोटातल्या माझ्या मैत्रिणीने, रेणूने, लगेच खरंच हॉर्न मारला. दोघी हसल्या. मला मात्र नीट हसू आलं नाही.

रत्ना पोळ्या करायची. माझ्याकडे आणि आणखी काही घरी, पण फक्त पायी पोचता येईल तिथेच. तिचं हर्नडन तिच्या पायांएवढं होतं. इचलकरंजीहून ती नवऱ्याबरोबर आली तेव्हा गुरुनाथ एका कंपनीत संगणकाच्या नोकरीवर होता, व्हिसा होता, लहानगी अंतरा कडेवर होती. मंदीत नोकरी गेली, मागोमाग व्हिसा संपला. आमच्या राज्यात परदेशी माणसाचा गाडीचा परवाना व्हिसाबरोबरच संपतो. गुरुनाथ एका गोदामात रोजंदारीवर जाऊ लागला, आणि तिथे बस जात नसल्यामुळे गाडी चालवत राहिला. एका संध्याकाळी त्याच्या गाडीचा मागचा दिवा बंद पडला होता. पोलिसाने थांबवलं, परवाना मागितला. परवाना नाही म्हणून कोर्ट, कोर्टातून कोठडी, आणि कोठडीतून, काही महिन्यांनी, मुंबईचं विमान. रत्ना मागे राहिली. पोरीचं शाळेचं वर्ष पुरं होऊ दे म्हणाली. मग पुढचं वर्ष आलं, मग त्याच्या पुढचं. पोर मोठी झाली. रत्ना दुसऱ्याच्या गाडीतही बसेनाशी झाली. कोणी लिफ्ट देऊ केली की म्हणायची, "चालते मी. चाललं की पोळ्या मऊ होतात."

त्याच जानेवारीत आमच्या राज्यात नवा कायदा लागू झाला. कागद नसलेल्या, पण इथे राहणाऱ्या आणि कर भरणाऱ्या माणसालाही परीक्षा देऊन गाडी चालवायचं कार्ड मिळणार होतं. कर तर रत्ना दरवर्षी भरायची. त्याच्या आदल्या वर्षी दुसरा एक कायदा झाला होता: अंतरासारख्या मुलांनाही सरकारी कॉलेजात इथल्यांइतकीच फी. त्यामुळे दक्षिणेकडच्या डोंगरातल्या विद्यापीठात अंतराला प्रवेश मिळाला होता. येणार की नाही ते एक मेपर्यंत कळवायचं होतं. आणि ही मुलगी हटून बसली होती.

"आई, तू ड्राइव्ह करायला शीक, नाहीतर मी इथेच राहते. बर्फात तू चालतेस आणि मी तिकडे चार तासांवर? नो वे. फायनल."

हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणून रत्ना टेबलापाशी आली तेव्हा तिच्या वाटीत तिळगुळाखाली मी आमच्या जुन्या ब्युइकची किल्ली ठेवली होती.

तिने बोटाने तिळगूळ बाजूला केला. "काकू, हे काय?"

"वाण."

"वाट्या देताय ना सगळ्यांना!"

"तुलाही वाटीच दिली. आत काय घालायचं ते माझं मी बघते. आणि वाण परत करायचं नसतं, तुला माहितेय."

रेणूने पुन्हा हॉर्न मारला. रत्ना वाटी पदराखाली झाकून चालू लागली. बर्फात तिच्या पावलांच्या खुणा रस्त्यापर्यंत गेल्या आणि तिथे गाड्यांच्या चाकांनी पुसल्या गेल्या.

संध्याकाळी माझा मुलगा राजीव म्हणाला, "आई, तू बाबांची कार देऊन टाकलीस?"

"कार कुठे दिली? किल्ली दिली. कार गॅरेजमध्येच आहे, बघून ये."

"आई, यू आर इम्पॉसिबल," तो म्हणाला, पण दुसऱ्या दिवशी विम्याचं त्यानेच बघितलं.

किल्ली रत्नाच्या देवघरात जाऊन बसली. परवान्याच्या ऑफिसात जायचं नाव काढलं की ती लाटणं जोरात फिरवायची. "नाव दिलं की पत्ता गेला, काकू." कोर्टाच्या हुकमाशिवाय ऑफिसला नाव-पत्ता वरच्या, म्हणजे केंद्रातल्या, सरकारला देता येत नाही, असं कायद्यात आहे, हे अंतराने तिला फोनवरून वाचून दाखवलं. रत्ना म्हणाली, "कायदा आज आहे. उद्या?"

मी तिला ओहायोतल्या डब्लिनची गोष्ट सांगितली, आम्ही आधी तिथे राहायचो. पंचाहत्तर साली तिथे ऑफिसं नव्हती, मक्याची शेतं होती. रविवारी चर्च सुटलं की त्याच्या रिकाम्या आवारात यजमान मला गाडी शिकवायचे. मक्यावरून वारा यायचा, आणि मी एवढी हळू चालवायची की म्हणे कणसं आमच्यापुढे निघून जायची. परवाना काढायला गेले तेव्हा खिडकीतल्या बाईने नाव विचारलं, पत्ता विचारला, भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. कुठून आलीस, कशी आलीस, काही नाही.

"म्हणजे तुमच्याकडेही कागद नव्हते?"

"होते की. पण कोणी बघितलेच नाहीत."

रत्नाने पोळी उलटली. "मग असून काय उपयोग झाला?"

आम्ही दोघी हसत सुटलो आणि ती पोळी करपली.

फेब्रुवारीत एका सकाळी ती किल्ली घेऊनच आली. "काकू, चला त्या ऑफिसात. रात्री स्वप्नात मी गाडी चालवत होते. आमच्या गल्लीतून, दोन्हीकडे माग चाललेले, खटक खटक. अंतराचे बाबा मागच्या सीटवर पेंगत होते. जन्मात पहिल्यांदा गाडीत गप्प बसले, बघा. हा शकून नाहीतर काय!"

खिडकीपुढे उभी असताना तिने माझा दंड इतका घट्ट धरला होता की हिरवा डाग पुढे आठवडाभर राहिला. फोटो काढताना मास्क उतरवला तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. हळदीकुंकवाला आल्यासारखी ती ताठ उभी होती. शिकाऊ कार्ड मिळालं. आता दोन महिने सराव, मग परीक्षा.

ते दोन महिने मला अजून स्वप्नासारखे आठवतात. आमच्याकडची सगळी काचेची ऑफिसं तेव्हा ओस पडली होती. पुण्या-नागपूरची मुलं घरात बसून काम करत होती, आणि त्यांच्या गाड्यांसाठी केलेली अफाट पटांगणं रिकामी होती. तिथे आम्ही दोघी जायचो. सिग्नल कोणासाठी नसताना लाल व्हायचे, हिरवे व्हायचे. कॅनडाकडच्या रानबदकांचे थवे रांगेतून रस्ता ओलांडायचे आणि रत्ना प्रत्येकासाठी थांबायची. एकदा धुक्यातून हरणं आली, गाडीभोवती उभी राहिली. रत्नाने हॉर्नवरून हात काढून घेतला. आम्ही तशाच बसून राहिलो. ब्युइकचं इंजिन घुरघुरत होतं आणि काचेच्या इमारतीत आमचीच गाडी उभी दिसत होती, तिच्याभोवती दुसरी हरणं. मला वाटलं, त्या काचेतल्या गाडीत माझ्या जागी हे बसले आहेत आणि रत्नाच्या जागी मी.

"काकू, झोपलात का?"

"नाही गं. क्लच शोधतेय."

"या गाडीला क्लच नाही."

"म्हणून सापडत नाहीये."

एप्रिलमध्ये परीक्षा चार दिवसांवर आली तेव्हा मी म्हटलं, आज गावातून. झाडं पांढरी फुललेली होती आणि पाकळ्या काचेवर येऊन पडत होत्या. रत्ना वायपर लावायची, पाकळ्या बाजूला सरकायच्या, पुन्हा यायच्या. एल्डन स्ट्रीटच्या सिग्नलला आम्ही थांबलो. शेजारच्या रांगेत पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली. आतल्या पोराने आमच्याकडे बघून बोटाने खूण केली: काच खाली करा.

रत्नाने काच खाली केली, आणि तिचा हात आपोआप खिडकीबाहेर गेला. हातात कार्ड. पोलक्यातून ते कधी काढलं मला दिसलंच नाही.

"मॅम," तो मास्कमधून म्हणाला, "तुमचा मागचा दिवा बंद आहे. डावा. बघून घ्या हं." सिग्नल हिरवा झाला. तो निघून गेला. कार्डाकडे त्याने पाहिलंही नाही.

रत्नाचा हात तसाच बाहेर. तळव्यावर, कार्डावर पाकळ्या पडत होत्या. मागच्याने हॉर्न मारला, तेव्हा ती भानावर आली, सिग्नल देऊन वळली, वाण्याच्या दुकानासमोर नीट दोन रेघांच्या मध्ये गाडी लावली आणि मग रडली.

"काकू, एवढंच? एवढंच असतं?"

नुसत्या दिव्यापायी गाडी अडवायची नाही, असाही नियम आमच्या राज्यात त्याच मार्चपासून झाला होता, हे मला पुढे राजीवने सांगितलं. त्या क्षणी मला काही ठाऊक नव्हतं. मी फक्त तिच्या पाठीवरून हात फिरवला.

तिने तिथूनच इचलकरंजीला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, मागांचा आवाज आमच्या गाडीत भरला.

"अहो, मी गाडीत आहे. चालवतेय. दिवा बंद होता. मागचा. पोलीस आला, म्हणाला बघून घ्या, आणि गेला."

मागांच्या खटखटीतून गुरुनाथचा आवाज आला, "कुठला दिवा?"

"डावा."

"माझा उजवा होता," तो म्हणाला. आणि मग, "बल्ब बदलून घे आजच. जेवलीस का?"

बल्ब राजीवने बदलला. रत्ना परीक्षेत पास झाली. परीक्षकाने एकच शेरा मारला, बदकांसाठी फार वेळ थांबते. त्याच रात्री अंतराने विद्यापीठाला येते म्हणून कळवलं, आणि कळवल्यावर आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "आता हळू चालव हं, प्लीज."

ऑगस्टमध्ये ब्युइकमध्ये उशा, इस्त्रीच्या चादरी, चटणीच्या बरण्या भरून आम्ही निघालो. मी मागे बसले. डावीकडे निळे डोंगर लांबवर आमच्याबरोबर चालत होते. पुढे मायलेकी कुठली गाणी लावायची यावरून भांडत होत्या. मला डोळा लागला. स्वप्नात मका दिसला, आणि त्यातून हळूहळू एक गाडी जात होती, कणसांच्या मागे मागे. जागी झाले तेव्हा रत्ना म्हणत होती, "इथून उजवीकडे गेलं की दुसरं राज्य लागतं. तिकडे नाही हं जायचं. माझं कार्ड तिकडे चालेल की नाही, कोण जाणे." तिने डावा सिग्नल दिला.

चार वर्षं ती त्या रस्त्याने गेली-आली. राज्याच्या सीमेबाहेर एकदाही नाही.

अंतराने पंचवीस साली जलविज्ञानाची पदवी घेतली. शिकू देणं राज्याच्या हातात होतं, नोकरी करू देणं नव्हतं. ती पुढे शिकायला कॅनडात गेली. इथून एकदा गेलं की वर्षानुवर्षं परत येता येणार नाही, हे समजूनच गेली. त्या वर्षी हवाही बदलली होती. कागद नसलेल्यांना धरायला राज्याच्या पोलिसांना वरच्या सरकारच्या माणसांबरोबर काम करायला सांगितलं होतं, आणि ब्युइक पुन्हा गॅरेजमध्येच उभी राहू लागली. सप्टेंबरात रत्ना म्हणाली, "पोर गेली. आता मी कोणासाठी घाबरू?" इचलकरंजीला कायमचं परतायला डलेसच्या विमानतळावर ती स्वतः गाडी चालवत गेली. मी शेजारी. वाटेत बदकं आली, तर थांबली.

आता ती इचलकरंजीत पोळीभाजीचे डबे पोचवते, एका जुन्या मारुतीतून. स्टिअरिंगचं चाक उजवीकडे असल्याने सुरुवातीला रोज चुकीच्या दाराने आत जायची. गुरुनाथ मागे बसतो, डबे सांभाळतो. गप्प मात्र अजिबात बसत नाही, असं ती फोनवर सांगते. अंतरा या उन्हाळ्यात तिकडे जाणार आहे. रेणू दूर, अर्विंगला मुलीकडे राहायला गेली. संक्रांतीला तिचा फोन येतो, आधी हॉर्नचा आवाज काढते, मग बोलते.

मी गाडी चालवणं सोडलं. गेल्या महिन्यात राजीवने ब्युइक विकली. घेणारा मुलगा भला होता, शिव नाव त्याचं, सगळं तपासून झाल्यावर म्हणाला, "आजी, किल्ली एकच? दुसरी कुठाय?"

"ती वाणात गेली," मी म्हटलं.

त्याला काही कळलं नाही. पण तो छान हसला, आणि हळूच, मागे बघत बघत, गाडी रस्त्यावर घेतली. मागचे दोन्ही दिवे लागले होते.