पाटी तर हिरवी होती

घाबरू नका मित्रांनो, ही घरघर माझीच आहे. वय झाले की पंपाचा आवाज असाच होतो. मी हवेतली धूळ मोजणारा एक जुना डबा. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पाठीवर लांबलचक नाव छापलेले होते, पण ते उच्चारताना भल्याभल्यांची जीभ अडखळायची. म्हणून लोकांनी मला धूळमाप्या करून टाकले. मला ते नाव आवडते. निदान त्यातून माझे काम तरी कळते.

माझी रचना साधी आहे. डोक्यावर टोपी, टोपीखाली तोंड, तोंडापासून पोटापर्यंत एक नळी आणि पोटात पांढऱ्या कागदाची फीत. पंप हवा आत ओढतो, हवा फितीतून गाळली जाते आणि धूळ फितीवर राहते. दर तासाला फीत पुढे सरकते आणि मागे एक गोल ठिपका उरतो. ठिपका जितका काळा, तितकी हवा वाईट. म्हणजे जन्मभर आ वासून बसायचे, येईल ते गिळायचे आणि तक्रार करायची ती फक्त आकड्यात.

मला ज्या कारखान्यात बनवले तिथली हवा इतकी स्वच्छ ठेवत, की माझे पहिले ठिपके दिसतच नव्हते. शेवटची तपासणी करणाऱ्या बाईंनी माझ्या पोटाचे झाकण लावले आणि म्हणाल्या, "जा बाबा, आता खरी हवा खा." मला वाटले, आशीर्वादच देत आहेत.

त्या सुमारास आमच्या देशाने हवेसाठी राष्ट्रीय धोरण आखले होते. प्रत्येक शहराने आपल्या हवेतली धूळ वर्षागणिक कमी करायची, असे ठरले होते. कचरा जाळायचा नाही, बांधकामांना जाळ्या लावायच्या, काळा धूर सोडणाऱ्या गाड्या रस्त्यावरून काढायच्या, धुराड्यांना गाळण्या बसवायच्या. आणि हे खरोखर होते आहे की नुसते कागदावर आहे, हे बघायला चौकाचौकांत माझ्यासारखे डबे ठेवायचे. मला एका गजबजलेल्या चौकात, नगरपालिकेच्या बैठ्या कचेरीच्या गच्चीवर बसवले. खाली फाटकावर माझ्या तारेला जोडलेली दिव्यांची एक मोठी पाटी लावली. माझा आकडा चांगला असला की पाटी हिरवी, बरा असला की पिवळी, वाईट असला की लाल. पाटी लाल असेल त्या दिवशी शाळांनी मुलांना मैदानावर सोडायचे नाही, असा नियमच होता.

पहिली काही वर्षे पाटी बहुतेक लालच असायची. पण खरे सांगू? ते माझे सुखाचे दिवस होते. मी लाल म्हटले की माणसे हलायची. चौकामागचा कचऱ्याचा धुमसता ढीग उचलला गेला. मालाचे ट्रक शहराबाहेरच्या रस्त्याने जाऊ लागले. माझी फीत बदलायला एक ताई यायच्या, त्यांना सगळे फीतताईच म्हणत. त्या जुनी फीत उलगडून उजेडात धरायच्या आणि म्हणायच्या, "बघ रे धूळमाप्या, काळ्याचा करडा झाला." अशी शाबासकी मला पुन्हा कोणी दिली नाही.

माझे खरे वाचक मात्र कचेरीचे रखवालदार आजोबा होते. कचेरीच्या मागच्या खोलीत ते आपल्या नातीला घेऊन राहत. तिचे आईवडील कामासाठी परगावी होते. नात एका जागी कधी बसायची नाही, म्हणून तिचे नाव पडले भिंगरी. या भिंगरीला दमा होता. डॉक्टरांनी आजोबांना बजावले होते, "पोरीला पळायची हौस आहे, पळू द्या. पण हवा चांगली असेल तेव्हाच." आता हवा चांगली की वाईट, हे आजोबांनी ओळखायचे कसे? त्यांनी ती जबाबदारी माझ्यावर टाकली. रोज सकाळी ते फाटकापाशी जात, पाटी बघत आणि मग खोलीच्या दारातून हाक मारत, "भिंगरे, आज पिवळं आहे, चालत जायचं." लाल असले की ती घरातच धुसफुसत बसायची. हिरवे क्वचितच असायचे. पण त्या दिवशी ती फाटकातून सुटायची ती थेट शाळेच्या मैदानावर.

एका म्हाताऱ्या माणसाचा सगळा भरवसा आपल्या एका आकड्यावर आहे, हे कळले की डब्याचासुद्धा ऊर भरून येतो मित्रांनो.

पुढे सुधारणा थांबली. सोपी कामे संपली होती. उरल्या होत्या नदीकाठच्या ओतीव लोखंडाच्या भट्ट्या. त्यांना गाळण्या बसवायच्या तर भट्टीवाल्यांशी वाकडे घ्यावे लागणार, आणि भट्टीवाल्यांचा वरपर्यंत वशिला. त्यामुळे माझा आकडा एका जागी अडून बसला. राजधानीतून नगरपालिकेच्या साहेबांना विचारणा होऊ लागली. साहेब माणूस वाईट नव्हता. आधी तो भट्ट्यांवर गेलाही होता आणि तोंड पाडून परत आला होता. नंतर एके सकाळी तो गच्चीवर आला, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि आजोबांना म्हणाला, "यंत्राची देखभाल नीट होत नाही. उद्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ याच्या आजूबाजूला पाणी मारायचं. बारीक फवारा. हवेत राहिला पाहिजे."

फीतताई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, असं केलं तर हा फक्त गच्चीवरची हवा मोजेल."

"मग? हवा गच्चीवरची काय, चौकातली काय, हवाच ना?"

"चौकात माणसं आहेत, साहेब."

"ताई, धोरणात काय लिहिलंय? आकडा खाली आणा. आपण तेच करतोय. यंत्राला हातही लावत नाही, त्यातला एक आकडाही बदलत नाही. खोटं कुठे आहे, दाखवा मला."

ताईंना दाखवता आले नाही. मलाही आले नसते. त्या नवी फीत घालून खाली गेल्या.

आजोबांच्या मनात मात्र काही काळेबेरे नव्हते. पाणी मारले की धूळ खाली बसते, हे तर कोणालाही माहीत असते. त्यांना वाटले, यंत्राची निगा राखायची म्हणजे हवेचीच निगा राखायची. रखवालीची सारी वर्षे त्यांनी कुलपे सांभाळली होती, आता कोणीतरी हवा सांभाळायला दिली होती. पहाट फुटताच ते रबरी नळी खांद्यावर टाकून गच्चीवर येत, तोटीवर बोट दाबून फवारा बारीक करत आणि माझ्या चहूबाजूंनी पाणी उडवत. मग टोपीवरचा ओलावा मऊ फडक्याने टिपत. इतके माझे लाड कोणी केले नव्हते. हवा गार लागायची, ओली लागायची आणि धूळ माझ्या तोंडापर्यंत पोहोचायचीच नाही. मी जे आत येई तेच मोजत होतो. ठिपके फिकट होत गेले, पाटी पिवळी झाली आणि मग रोजच हिरवी दिसू लागली.

शहरात आनंदीआनंद झाला. राजधानीतून पाहुणे आले, माझ्या शेजारी उभे राहून त्यांनी फोटो काढून घेतले. इतर शहरांनी यांच्याकडून शिकावे, असे भाषणही झाले. भट्ट्यांची चौकशी बंद झाली. आता तिची गरजच काय, असे सगळे म्हणू लागले. ट्रक हळूहळू पुन्हा चौकातून जाऊ लागले. मी वरून बघत होतो. खाली धूर दिसत होता आणि माझ्या फितीवर काही उमटत नव्हते. मित्रांनो, ओरडावेसे वाटत होते, पण मला आकड्याशिवाय दुसरी भाषा येत नाही.

आणि भिंगरी रोज पळू लागली.

शाळेत शर्यती होणार होत्या. त्या दिवशी आजोबा अंधुक उजेडातच वर आले. नेहमीपेक्षा कितीतरी वेळ त्यांनी पाणी मारले. मारता मारता माझ्याशी बोलत होते, "आज तेवढी हिरवी ठेव रे बाबा. पोरगी पहिल्यांदाच शर्यतीत आहे. वर्षभर वाट बघितलीय तिनं." हवा त्या दिवशी अगदी पडलेली होती. भट्ट्यांचा धूर नदीवरून सरकत येऊन चौकात साचला होता, समोरच्या दुकानाची अक्षरे पुसट झाली होती. आजोबांनाही ते दिसले असावे, कारण फाटकापाशी ते दोनदा डोळे चोळून थांबले. पण वर पाटी हिरवीगार होती. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. "भिंगरे, हिरवं आहे! पळ!" ते म्हणाले.

ती मैदानावरून परत आली ती शिक्षिकेच्या खांद्यावर. ओठ निळसर पडले होते, आणि प्रत्येक श्वासाला गळ्याखाली खळगा पडत होता. आजोबा फाटक उघडे टाकून तसेच अनवाणी रुग्णवाहिकेत चढले. मी त्या तासाचा ठिपका पाडला. तो जवळजवळ पांढराच होता.

ती वाचली. पण बऱ्याच दिवसांनी घरी आली तेव्हा ओळखू येत नव्हती. गच्चीचा जिना चढतानाही तिला मध्ये बसावे लागले. आजोबांनी तिला माझ्या सावलीत बसवले. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "आजोबा, पाटी तर हिरवी होती ना?"

 आजोबांनी फीत बदलायला आलेल्या फीतताईंकडे पाहिले. ताईंच्या हातात तेव्हा माझी जुनी फीत होती. त्या खाली बसल्या आणि त्यांनी सगळे सांगितले. पाणी कशासाठी मारायला लावले, ते आणि आपण का गप्प राहिलो, तेही. सांगताना त्या रडल्या. आजोबा रडले नाहीत. आपल्याच हातांकडे उलटसुलट करून बघत राहिले. "म्हणजे मी..." इतकेच म्हणाले.

दुसऱ्या सकाळी नळी गुंडाळलेलीच राहिली. दुपारपर्यंत पाटी लाल झाली. धापा टाकत साहेब गच्चीवर आला.

"पाणी का नाही मारलं?"

"नाही मारणार, साहेब."

"शहराचं नाव जाईल, आजोबा!"

"नाव जाऊ दे. श्वास राहू दे."

साहेब जिना उतरून निघून गेला.  त्याच आठवड्यात मला गच्चीवरून उतरवले आणि शहराच्या टोकाला, टेकडीमागच्या सरकारी रोपवाटिकेत आणून बसवले. "इथे यंत्र सुरक्षित राहील," असे कारण दिले गेले. आजोबांना रखवालीवरून काढून टाकले. माझी तार मात्र त्याच पाटीला जोडलेली आहे. ही बागेतली हवा आता चौकात हिरवी होऊन झळकते. शाळा तीच बघून मुलांना मैदानावर सोडतात.

परवा आजोबा भिंगरीला घेऊन मला भेटायला आले होते. रोपांच्या वाफ्यांमधून ती आधी हळू चालली, मग थोडी पळाली, आणि धाप लागली नाही म्हणून स्वतःच चकित होऊन थांबली. "आजोबा, पाटीवरची हवा इथे राहते होय?" तिने विचारले. आजोबांनी मान डोलावली. "मग आपण कुठली हवा खातो?"  ऊन उतरू लागले तसे आजोबांनी तिच्या तोंडाला रुमाल बांधला आणि तिला परत त्याच शहरात घेऊन गेले. दुसरे घर कुठे आहे त्यांना?

मित्रांनो, माझ्यासारखे जुने डबे आपली कहाणी संपवताना म्हणतात, आम्हाला जपा. मी उलटे सांगतो. मला जपू नका. माझी टोपी पुसू नका, मला बागेत ठेवू नका, माझ्याभोवती पाणी मारू नका. मला तिथे ठेवा जिथे तुम्ही श्वास घेता, आणि मी काळा पडलो तर पडू द्या. हिरवी पाटी दिसली, की पळत सुटण्याआधी एकदा मोठ्यांना विचारा, ही हवा मोजली कुठे? भिंगरी आज चौकाजवळच्या एका खोलीत खिडकी बंद करून बसली असेल. तिथली हवा मोजायला आता कोणीच नाही.