फवारणी पंपाला पडलेलं कोडं

मी एक जुना फवारणी पंप आहे, पाठीवर अडकवायचा. माझा दांडा खिळखिळा झाला आहे आणि हल्ली डोकंही ठिकाणावर नसतं. मित्रांनो, मी शेताचं भलं केलं की वाटोळं, हेच मला अजून कळलेलं नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी निळी टाकी चकाचक होती. दोन बहिणींनी मला विकत आणलं. थोरली आक्का घाईची, धाकटी दहादा विचार करणारी. पाठीवर घेतलं ते आक्कानेच. ती माझ्यात तणनाशक भरायची, फवारायची आणि काही दिवसांत तण पिवळं पडायचं. एका वर्षी बांधावर आपोआप उगवलेला गहू आम्ही असाच वाळवला. अशा गव्हावर तांबेऱ्याची बुरशी दबा धरून बसते. तिचा आसराच गेला आणि नव्या गव्हावर तांबेरा फारसा दिसला नाही.

"गुणाचा गं माझा पंप!" आक्का म्हणाली. तिने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही चढलो.

पुढच्या हंगामात घेवडा लावायचा होता. बियाणं आईच्या हातचं, डब्यात जपलेलं. आई गेल्यावर तेवढंच उरलं होतं. आक्काने फवारणी केली आणि दुसऱ्याच दिवशी बी पेरायला काढलं.

"अगं, तण आधी कुजू तरी दे," धाकटी म्हणाली.

"मेलेलं तण काय उठून बसणार आहे?"

रोपं आली आणि माना टाकू लागली. धाकटीने एक उपटलं. मूळ तपकिरी, लिबलिबीत. मरणाऱ्या तणाच्या मुळांवर मूळकुजीची बुरशी पोसली होती आणि तीच शेजारच्या कोवळ्या मुळांत शिरली होती. मी चक्रावलो. तेच औषध, तीच पाठ, तोच मी! मग एका बुरशीचं घर मोडलं आणि दुसरीला जेवण वाढलं, हे कसं?

धाकटीने एक पुडी आणली. तीत म्हणे चांगली बुरशी होती, रोगाच्या बुरशीला खाणारी.

"बुरशीने मारलं आणि आता वर बुरशीच घालतेस?" आक्का रडवेली झाली. "आईचं बी गेलं गं माझ्या हातून."

"सगळं नाही गेलं. झारी आण. पंप नको, त्यात तणनाशक राहिलं असेल."

मला ते फार लागलं. शेडच्या खुंटीवरून मी बघत राहिलो. दोघी वाकून एकेका रोपाच्या बुडाशी पाणी घालत होत्या. काही ओळी गेल्या, काही तगल्या. पुडीमुळे तगल्या की स्वतःच्याच जिवावर, हे धाकटीलाही सांगता येईना. त्या वर्षी एकही शेंग चुलीवर चढली नाही. सगळ्या बियाण्याला ठेवल्या.

आता आक्का मला आतबाहेर धुते. फवारल्यावर लगेच पेरत नाही. तणाची मुळं उपटून बोटांनी चुरून बघते आणि म्हणते, "अजून थांबू."

मित्रांनो, तुम्हीही मला धुवा आणि सगळं माझ्यावर सोपवू नका. मला फक्त वरचं हिरवं वाळताना दिसतं. खाली मातीत कोण उपाशी आहे आणि कोण जेवतंय, ते तुम्हीच वाकून बघा.