दाराकडे पाठ केलेलं टेबल

टेबल उलटं लागलंय असं सुताराला वाटलं, शिपायाला वाटलं, आणि खोली पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा मलाही तसंच वाटलं. लांबट खोली, एका टोकाला दार, बाजूच्या भिंतीत एकच मोठी खिडकी, आणि संचालकाची खुर्ची अशी की बसणाऱ्याची पाठ सरळ दाराकडे.

"साहेब, आल्यागेल्याला पाठच दिसणार," सुतार म्हणाला. "फिरवून देऊ का? काही वेळ लागत नाही."

"नको. असाच उजेड नीट येतो," आमचे हे म्हणाले.

आमचे हे म्हणजे विद्यापीठातले शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक. सगळे त्यांना सर म्हणतात, आणि राग आला की मीही म्हणते, त्यामुळे घरातही सरच जास्त ऐकू येतं. मी त्या खुर्चीत बसून बघितलं. उजेड उजवीकडून येत होता. मी आपला उजवा हात टेबलावर ठेवला तर बोटांची सावली नेमकी लिहायच्या जागी. असला उजेड कुणाला लागतो? डाव्या हातानं लिहिणाऱ्याला. आमच्या घरात डावखुरं माणूस एकच, आमची लेक ठकी. तिचं लहानपणचं अभ्यासाचं टेबलही यांनी असंच दाराकडे पाठ करून लावलं होतं. मी मागून हाक मारली की ती दचकायची आणि वर मलाच ओरडायची. आणि ठकी तर शिकायला म्हणून परदेशी गेली ती तिकडचीच झाली होती.

यांच्याकडे बघितलं तर हे फरशीवरचे डाग बघत उभे.

ही खोली पूर्वी रसायनशास्त्राचं भांडार होती. जागोजागी ॲसिड सांडून फरशी खाल्ली गेली होती. तिथं आता आंतरराष्ट्रीय शिक्षणाचं संशोधन केंद्र होणार होतं. मुलं शिकायला देशाबाहेर का जातात, तिथं त्यांचं काय होतं, परत कोण येतं, कोण येत नाही, आणि मागं राहिलेल्यांचं काय होतं, हे सगळं तिथं अभ्यासायचं. मी म्हणायचे, त्याला केंद्र कशाला काढायला हवं? आमच्या घरी येऊन एक रविवार बसा म्हणावं, शेवटच्या प्रश्नाचा निकाल तिथल्या तिथं लागेल.

पण यांनी या केंद्राचा ध्यास घेतला होता. प्रस्ताव अभ्यास मंडळाकडे जायचा, तिथून विद्या परिषदेकडे, तिथून शेरा मारून परत यांच्या टेबलावर. एक कुलगुरू म्हणाले कल्पना उत्तम, आणि निवृत्त झाले. दुसऱ्यांना त्यात काही उत्तम दिसलं नाही. वर्षानुवर्षं घोंगडं भिजत पडलं. तिसऱ्या कुलगुरूबाईंनी सही केली तेव्हा हे घरी आले, चपला काढायला विसरले आणि तसेच सोफ्यावर बसून राहिले. मी म्हटलं, "काय झालं?" तर म्हणाले, "झालं." एवढंच. मग दोघं वेड्यासारखे हसलो.

केंद्र मंजूर झालं ते एका अटीसकट, आणि ती अट यांनीच घातलेली. संचालकानं परदेशी विद्यापीठात काही वर्षं शिकवलेलं असलं पाहिजे. आता आमच्या यांनी परदेश पाहिला तो परिषदांपुरता. म्हणजे ज्यानं केंद्र उभं केलं तोच त्या खुर्चीला अपात्र. यांचे मित्र, आमच्या शेजारचे भूगोलवाले सर, माझ्यापाशी येऊन चरफडले.

"वहिनी, याला समजवा हो. स्वतः घर बांधायचं आणि स्वतःच बाहेर उभं राहायचं, असं कुणी करतं का?"

"केंद्राच्या दृष्टीनं तेच योग्य आहे," हे आतून म्हणाले.

कुणाला ताकास तूर लागू द्यायची नाही हा यांचा जुनाच खाक्या. पण मी त्या खुर्चीत बसून आले होते. ती अट ठकीच्या मापानं बेतलेली होती. ती तिकडे हाच विषय शिकवत होती, वर्षांची अट तिला चपखल बसत होती. यांना संचालक व्हायचंच नव्हतं. यांना लेकीला परत यायला एक जागा करून ठेवायची होती, खुर्ची, खिडकी, उजेड सगळ्यासकट. आणि खरं सांगते, मलाही दुसरं काही नको होतं. तिची खोली मी दर आठवड्याला झाडते, ती काय धुळीच्या प्रेमानं नाही.

"अहो, मग तिला विचारा ना सरळ," मी म्हटलं.

"असं विचारायचं नसतं."

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलेय. यांचं काम म्हणजे मुलाखती घेणं. परदेशी गेलेली मुलं, त्यांचे आईबाप, शेकडो माणसांशी हे बोलले असतील. त्यात यांचा एक नियम, तो हे प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी घोटवून घेत. प्रश्नात उत्तर पेरायचं नाही. 'परत कधी येणार' असं विचारलंत की समोरच्यानं यायलाच हवं असं तुम्ही आधीच ठरवून टाकलंत. मग तो तुम्हाला बरं वाटेल ते सांगतो, खरं सांगत नाही. तेव्हा आपण गप्प बसायचं आणि वाट बघायची. माणूस आपणहून बोलतो.

कामात हा नियम सोन्यासारखा असेल, मला त्यातलं कळत नाही. पण यांनी तो घरात आणला. ठकी गेली तेव्हापासून दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो. हे विचारणार तिकडची हवा, तिचे विद्यार्थी, नातवाचे दात. 'परत कधी येतेस' हे शब्द यांनी एकदा म्हणून एकदा उच्चारले नाहीत. मी जन्मभर दवाखान्यात नर्स होते. आम्ही माणूस आत आला की पहिलं विचारतो, कुठं दुखतंय? वाट बघत बसलो असतो तर निम्मे पेशंट व्हरांड्यातच गेले असते. त्यामुळे मी दर रविवारी न चुकता विचारायचे, "काय गं, कधी येतेस परत?" आणि ती दर रविवारी म्हणायची, "बघू गं आई."

जाहिरात निघाली. यांनी काय करावं? विभागाच्या कार्यालयातल्या बाईंना सांगून ती परदेशातल्या ओळखीच्या सगळ्यांना एकगठ्ठा पाठवली. त्यात ठकीही आली. वर स्वतःची एक ओळ नाही. तिचं दोन शब्दांचं उत्तर आलं, छान आहे, ओळखीत सांगते म्हणून. हे ते वाचून चक्क खूश झाले.

"बघ, वाचलीय तिनं," म्हणाले.

"वाचलीय तर वाचलीय. अर्ज कुठाय?"

"करेल. विचार करायला वेळ लागतो."

मग रोज संध्याकाळी हे कार्यालयात डोकावून यायला लागले. कशाला गेला होतात विचारलं की म्हणायचे, पंख्याचा आवाज येत होता, तो बघायला. त्या पंख्याला मी आजवर कधी बघितलेलं नाही, पण त्याचा मला फार राग येतो. अर्जाची मुदत संपली त्या दिवशी हे घरी आले आणि जेवताना पहिलीच पोळी शेवटपर्यंत चिवडत राहिले. मी काही विचारलं नाही. तोंडाकडे बघितलं की कळत होतं.

त्या रविवारी फोन वाजला आणि मी तो यांच्या हाती जाऊच दिला नाही. मधोमध टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि नमनाला थेंबभरही तेल न घालता म्हटलं, "ठके, तू त्या केंद्राला अर्ज का नाही केलास?"

"मी?" ती हसली. "मी कशाला करू?"

"कशाला म्हणजे? परत यायला."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग ती म्हणाली, "आई, ती जागा माझ्यासाठी होती?"

मी यांच्याकडे बघितलं. हे खिडकीकडे बघत होते. मीच म्हटलं, "मग काय शेजारणीसाठी होती?"

"पण बाबा काही बोललेच नाहीत." तिचा आवाज बदलला. "बाबा तर कधीच काही बोलले नाहीत."

"मी तर दर रविवारी विचारते!"

"तू विचारतेस गं. तू जेवलीस का विचारतेस, केस कापलेस का विचारतेस, तसंच कधी येतेस ते विचारतेस. तुझं ते विचारणं मला पाठ झालंय." घ्या. म्हणजे इतकी वर्षं माझं विचारणं खिजगणतीतच नव्हतं. रागावायला तोंड उघडलं, पण ती पुढं बोलत होती. "माझी पीएचडी झाली ना, तेव्हा मी इकडे नोकरीच शोधली नव्हती. सामान बांधून ठेवलं होतं. सगळा उन्हाळा मी खोक्यांमधून वाट काढत फिरायचे. रोज वाटायचं, बाबा म्हणतील, ये आता. एवढंच म्हणाले असते तरी मी आले असते. तर बाबा म्हणाले, तुझा निर्णय तू घे. मला वाटलं, त्यांना मी तिकडेच हवीय. त्यांना माझा अभिमान वाटतो तो तिकडे असण्याचाच. मग मी खोकी उघडली."

हे ऐकताना यांचा हात टेबलावर होता. यांनी तो उचलून मांडीवर घेतला. मला यांच्या अंगावर ओरडायचं होतं. उभ्या जगाच्या पोरांना बोलतं केलंत आणि स्वतःच्या पोरीपुढं तोंडाला कुलूप लावून बसलात, असं म्हणायचं होतं. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, पण किती असावा! पण यांचं तोंड बघितलं आणि माझा राग विरला. मला फार वाईट वाटलं, यांचं, तिचं, माझं, सगळ्यांचंच.

मग हे पुढं सरकले. फोन जवळ ओढला.

"ठके," म्हणाले, "परत येतेस का, बाळा?"

सगळे नियम गुंडाळून विचारलं. उत्तर पेरलेलं, उगवायची वाट बघत बसलेलं. जन्मात पहिल्यांदा.

ती रडत होती ते ऐकू येत होतं. मागं नातवाचा आवाज आला, आईला काय झालं म्हणून तो त्याच्या त्या भाषेत विचारत होता. तिनं त्याला त्याच भाषेत काहीतरी सांगितलं.

"आता नाही हो जमणार, बाबा," ती म्हणाली. "आता इथं सगळं आहे. याची शाळा, याच्या बाबाची नोकरी, माझी मुलं... माझे विद्यार्थी."

"हो हो. बरोबर आहे."

"बाबा, रागावलात?"

"छे गं. खरं सांगितलंस. तेच हवं असतं."

फोन ठेवला. मी चहा ठेवून यांच्याजवळ येऊन बसले. तो उतू गेला तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही.

उद्घाटनाला कुलगुरूबाई आल्या, फीत कापली, भाषणात यांचं नाव घेतलं. टाळ्या वाजल्या. अखेर गंगेत घोडं न्हालं असं भूगोलवाले सर माझ्या कानाशी म्हणाले आणि लगेच त्यांनाच कसंसं झालं असावं, कारण ते पाणी आणायला गेले. ज्यांची संचालक म्हणून निवड झाली होती त्या बाई ठकीच्याच वयाच्या होत्या, आखूड केसांच्या, हसऱ्या. गर्दी ओसरल्यावर त्या आमच्याजवळ आल्या.

"सर, मला या जागेचं कुणी सांगितलं माहीत आहे? तुमच्या मुलीनं. आम्ही तिकडे एकाच विभागात होतो. मी परत यायचं का नाही या घोळात होते, तर ती म्हणाली, जा. बाबांचं केंद्र आहे, तिथं तुला कुणी परकं वाटू देणार नाही."

माझ्याच्यानं तिथं उभं राहवेना, म्हणून मी खिडकीपाशी गेले.

बाई खुर्चीत बसल्या. समोरचा कागद ओढून त्यावर पेन टेकवलं, थांबल्या, मान वळवून दाराकडे बघितलं, मग खिडकीकडे.

"सर, माझ्या हाताची सावलीच पडतेय. आणि दाराकडे पाठ." त्या हसल्या. "इथं कुणी डावखुरं बसणार होतं का?"

मला वाटलं, हे म्हणतील उजेड असाच नीट येतो. किंवा नेहमीसारखे गप्प बसतील.

"हो," हे म्हणाले. "माझी मुलगी बसणार होती."

बाईंचं हसू गेलं. त्या चटकन उठल्या. "सर, मला माहीत नव्हतं. राहू दे असंच, मला चालेल."

"नाही, नाही. लिहिणाऱ्याला उजेड नीट हवा." यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि टेबलाची कड धरली. शिपाई धावत आला तर त्याला हातानंच थांबवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, जरा त्या बाजूनं धर."

मी गेले आणि दुसरी बाजू धरली. टेबल चांगलंच जड होतं.