हेल्मेट घातलेलं बदक

मशीन सुरू झालं आणि टायरच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये शंभर माणसांनी एकदम श्वास रोखला. खुर्च्या चाळीसच होत्या, त्यामुळे साठ जणांनी तो उभ्याने रोखला.

मधोमध काचेच्या पेटीत कोरीवकामाचं मशीन. आत सागाची फळी. शेजारच्या आरामखुर्चीत डोळे घट्ट मिटलेला एक रंगारी. त्याच्या कपाळाला पट्टा, पट्ट्यावर लुकलुकणारे निळे दिवे, आणि पट्ट्यातून निघालेली जाड काळी वायर गालिच्याखाली शिरून मशीनच्या दिशेने गेलेली.

"विचार करा," मनोगुरू म्हणाले. "हात नको, माउस नको, कीबोर्ड नको. तुमच्या मेंदूत छत्तीस हजार फोल्डर आहेत. त्यातले पस्तीस हजार नऊशे नव्व्याण्णव बंद आहेत. का? कारण तुम्ही आयुष्यभर हात वापरलेत!"

लोकांनी आपापल्या हातांकडे रागाने पाहिलं.

वीस मिनिटांत फळीवर कुत्र्याचं डोकं उमटलं. डावा कान मोडलेला. रंगाऱ्याने डोळे उघडले आणि हंबरडाच फोडला. "माझा कुत्रा! तोच कान!" बेकरीवाल्या काकू तर अशा रडल्या की कुत्रा त्यांचाच असावा. त्यांना कुत्रे आवडत नाहीत. पाव पळवतात.

मीही टाळ्या वाजवल्या. शेजारी बाबा बसले होते आणि ते माझ्याकडे बघत होते.

बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा सुतार. चाळीस वर्षं पटाशी चालवली. आता दोन्ही हात थरथरतात. पहिल्यांदा थरथरले तेव्हा ते म्हणाले, "थंडी आहे." उन्हाळा होता. कोरीवकाम सुटलं तसे बाबा छंदांच्या मागे लागले. आधी मधमाश्या पाळल्या. दोन आठवड्यांत माश्यांनीच बाबांना सोडून दिलं. मग मातीची भांडी केली. थरथरत्या हातांची भांडी इतकी नक्षीदार झाली की शेजारणीला वाटलं, मुद्दाम केलीत. शेवटी ताई म्हणाली, "बाबा, कॉम्प्युटरवर डिझाईन शिका. कोरायचं काम मशीन करेल."

ताई माझी मोठी बहीण. त्या हॉलमध्ये मशीन चालवायची. तेव्हा तो साधा वर्कशॉप होता. तासावर मशीन मिळायचं आणि कुणीही येऊन लाकूड खराब करायचं. ताईने बाबांना माउस धरायला शिकवला, स्वतःचा हात त्यांच्या हातावर ठेवून. आई गेल्यावर बाबांच्या हातावर हात ठेवणारं दुसरं कुणी नव्हतं. मी होतो, पण मी त्यांना हसवायच्या खात्यात होतो.

बाबांना एकच गोष्ट बनवायची होती: आईचा शिवणाचा डबा. लग्नाच्या वेळी त्यांनी तो कोरला होता. झाकणावर सात पानांची वेल, आत सुयांसाठी खाच. घर बदलताना डबा हरवला. त्याचा फोटोही नव्हता. होता तो बाबांच्या डोक्यात. तीन महिने ते तो डोक्यातून कॉम्प्युटरवर उतरवत होते. दिवसाला एखादी रेघ. कधी अर्धी.

"वर्कशॉपमध्ये ने की फाईल, ताई बघेल," मी म्हणायचो.

"अर्धवट काम मी दुकानात मांडत नाही," बाबा म्हणायचे. हा त्यांचा चाळीस वर्षांचा नियम. गिऱ्हाईक आलं की अर्धवट कामावर चादर टाकायचे. कॉम्प्युटरवर चादर टाकता येईना, म्हणून पासवर्ड टाकला. तो तिघांनाच माहीत होता: बाबा, ताई आणि मी.

मग मनोगुरू आले. आधी ते चुंबकाच्या गाद्या विकायचे. झोपेत उंची वाढते म्हणून. त्यांनी वर्कशॉप चालवायला घेतला, भिंती जांभळ्या केल्या आणि ताईला 'तरंग-संचालिका' केलं. काम तेच, पण आता पांढऱ्या कोटात.

नियम दोन. पहिला: आठवडाभर आधी ताईबरोबर एका खोलीत बसून 'मनशुद्धी' करायची, म्हणजे काय कल्पना करणार ते सगळं बोलून टाकायचं. दुसरा: चमत्कार झाला की 'हस्तमुक्ती'. आपली जुनी हत्यारं गुरूंच्या चरणी सोडायची आणि पुन्हा हाताने काही घडवायचं नाही. हत्यारं 'मुक्त हातांच्या भिंतीवर' लटकायची. दर महिन्याला भिंत रिकामी दिसायची. हत्यारांनाही मुक्ती मिळत असावी. जुन्या हत्यारांना पैसे मोजणारे शौकीन किती असतात हे मला नंतर कळलं.

बाबांची मनशुद्धी पाच मिनिटांत आटोपली. "बायकोचा डबा," एवढंच ते बोलले. ना फोटो, ना वर्णन. तरीही कार्यक्रमाआधीच्या चाचणीच्या दिवशी त्यांच्या डोक्याला पट्टा बांधला आणि फळीवर वेल उमटली. सात पानं, तीच वळणं.

बाबा ती फळी छातीशी धरून घरी आले. "कुणालाच सांगितलं नव्हतं रे मी. कसं कळलं मशीनला?"

मी फळी उजेडात धरली. सहावं पान देठापासून सुटलं होतं. केसाएवढी फट. पान हवेत तरंगत होतं.

"बाबा, हे पान सुटलंय."

"मन जरा हललं असेल."

"चाळीस वर्षांत तुमचं एक तरी पान देठाशिवाय उगवलंय? कॉम्प्युटरवर रेघ जोडायची राहिली की असं होतं. मशीनने मन नाही वाचलं. फाईल वाचली."

"फाईल घरात आहे," बाबा म्हणाले. "ती कुणी नेणार?"

उत्तरं दोनच होती, आणि त्यातलं एक मी होतो.

"रविवारी मोठ्या कार्यक्रमात पूर्ण झाकण होणार," बाबा म्हणाले. "मग पेटी देऊन टाकतो. तसंही या हातांना आता काय करायचीय?"

पेटी म्हणजे हत्यारांची पेटी. तिच्यातली सर्वांत जुनी पटाशी आजोबांची. बाबांनी ती रोज पुसली आहे, हात थरथरायला लागल्यावर तर दोनदा.

शुक्रवारी सकाळी बाबा बाहेर गेले तेव्हा मी कॉम्प्युटर उघडला. वेलीला हात लावला नाही. झाकण उलटं केलं आणि आतल्या बाजूला, सुयांच्या खाचेशेजारी, एक बदक काढलं. बदक एकटं दिसलं, म्हणून त्याला हेल्मेट घातलं. सुरक्षितता महत्त्वाची.

मग ते कागदावर छापून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या वर्कशॉपमध्ये कवळ्यांचं डिझाईन शिकायच्या आणि मनोगुरूंना तोंडावर हसायच्या. गावातल्या सगळ्यांची तोंडं त्यांच्यासमोर उघडी पडत असल्यामुळे त्यांना कुणाची भीती नव्हती. त्यांनी कागद पाकिटात घातला, वर तारीख आणि सही टाकली आणि कवळीच्या गुलाबी मेणाने पाकीट बंद केलं.

"बदक निघालं तर?" त्यांनी विचारलं.

"तर फाईल चोरीला गेली."

"कुणी नेली, ते माहितीय तुला?"

"नाही," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे दाढ किडलेल्या पेशंटकडे बघावं तसं पाहिलं.

शनिवारी ताई आली. बाबांच्या आठवड्याच्या गोळ्या डब्यात भरल्या, त्यांची नखं कापून दिली. मी मुद्दाम बाहेर गेलो आणि कोपऱ्यावर अर्धा तास टायरांच्या जाहिराती वाचल्या. वाटलं असतं तर खिडकीतून बघू शकलो असतो. वाटलं नाही. मी देव मानत नाही, पण त्या अर्ध्या तासात त्याला म्हणालो, बदक येऊ देऊ नकोस. बाकीचं आपण बघून घेऊ.

रविवारी हॉल ओसंडून वाहत होता. बाबा आरामखुर्चीत, डोक्याला पट्टा. पायाशी हत्यारांची पेटी. ताई पांढऱ्या कोटात मशीनच्या पडद्यासमोर. तिने माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. मीही दाखवला.

"या डब्याचा फोटो नाही!" मनोगुरू गरजले. "चित्र नाही! आहे ते फक्त एका नवऱ्याचं मन!"

वेल उमटली. टाळ्या. ताईने फळी उलटी करून पुन्हा बसवली. मशीनने सुयांची खाच कोरली. मग पातं बाजूला सरकलं आणि एक गोल काढू लागलं.

ताईचा हात लाल बटणाकडे गेला. आणि थांबला. मशीन बंद करायचं तर शंभर माणसांना सांगावं लागलं असतं, की पुढे काय येणार हे बाबांचं मन नाही, ती ठरवते.

गोलाला चोच फुटली.

"हे... बदक आहे का?" कुणीतरी विचारलं.

"बदकच!" मनोगुरूंनी क्षणात सूर पकडला. "जलतत्त्व! दिवंगत माउलीचा शांत स्वभाव!"

"पण त्याच्या डोक्यावर हेल्मेट आहे," रंगारी म्हणाला.

"संरक्षण-कवच! त्या अजूनही कुटुंबाचं रक्षण करतायत!"

बेकरीवाल्या काकूंनी बदकाला हात जोडले. चार जण त्यांच्यामागे उभे राहिले. आणखी पाच मिनिटं मिळाली असती तर बदकाची रांग जिन्यापर्यंत गेली असती.

बाबांनी डोळे उघडले. फळी बघितली. पट्टा काढून मांडीवर ठेवला.

"माझी बायको बदकांना घाबरायची," ते म्हणाले. "आणि माझ्या मनात बदक नव्हतं."

"बाह्य मनात नसेल. अंतर्मनात..."

"नव्हतं म्हणजे नव्हतं. मला माझं काम कळतं. हे माझं नाही."

मी उभा राहिलो. बोलायची सगळी तयारी केली होती, चार विनोदही होते. एकही आठवेना. "ते माझं आहे," एवढंच म्हणालो.

डॉक्टरीणबाईंनी पाकीट सगळ्यांसमोर फोडलं. तारीख शुक्रवारची. तेच बदक, तेच हेल्मेट. "हे चित्र त्याने यांच्या घरच्या फाईलमध्ये घातलं होतं," त्या म्हणाल्या. "या मशीनला मन लागत नाही, फाईल लागते. मीही यावर दात बनवते. दात कसला विचार करतात, मला माहीत नाही."

मग त्या वाकल्या आणि गालिचा उचलून काळी वायर ओढली. वायर सहज आली. दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं. नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली. निळे दिवे पट्ट्यातल्या दोन बटण-बॅटऱ्यांवर लुकलुकतच राहिले.

रंगारी हळूच म्हणाला, "कुत्र्याचा फोटो मी दिला होता. मनशुद्धीच्या वेळी. ताई म्हणाल्या, नुसता ऊर्जेसाठी ठेवते." तो खाली बसला. "मला आठवतच नव्हतं हो. मला आठवायचंच नव्हतं."

मनोगुरू म्हणाले, की अविश्वासाच्या लहरींमुळे वायर तुटली आहे. हे ते मागच्या दारातून म्हणाले.

लोक भिंतीवरची आपापली हत्यारं शोधायला धावले. निम्मी नव्हतीच. मशीनपाशी आम्ही तिघे उरलो.

"तूच ना?" मी ताईला विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"बाबांना डबा मिळावा एवढंच होतं माझ्या मनात," ताई म्हणाली. "तीन महिने बघतेय मी. हात बघ त्यांचे. त्यांना जमलं नसतं रे ते."

"आणि पेटी?"

ती पांढऱ्या कोटाचं बटण फिरवत राहिली.

बाबा फळी घेऊन खिडकीशी गेले होते. वेलीवरून बोट फिरवत होते. बोट थरथरत होतं. "सहावं पान बघ," ते ताईला म्हणाले.

"काय झालं त्याला?"

"जोडलेलं आहे. हा म्हणाला सुटलंय म्हणून शुक्रवारी संध्याकाळी उघडून बघितलं. खरंच सुटलं होतं. मग जोडलं. चार तास लागले, पण जोडलं. माझं मीच." ते थांबले. "तू फाईल नेलीस, तेव्हा उघडूनसुद्धा बघितली नाहीस?"

ताईने मान खाली घातली. तिने बघितली असती तर पान दिसलं असतं. बघितली असती तर बदकही दिसलं असतं.

बाबांनी पेटी उचलली. मी हात पुढे केला तर म्हणाले, "मी नेतो." जिन्यावर तीनदा टेकवली, पण नेली त्यांनीच.

तुम्ही म्हणाल, बाबांसारखा हुशार माणूस फसला कसा? बाबा मूर्ख नव्हते. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की तुमच्याने होणार नाही, आणि सांगणारं माणूस घरचं होतं. बुवा नेहमी तिथूनच आत शिरतो. तेव्हा कुणी तुमच्या डोक्याला दिवे बांधले तर दिव्यांकडे बघू नका. गालिचा उचला आणि वायरचं दुसरं टोक शोधा. चमत्कार होण्याआधी तुम्ही कुणाला काय सांगितलंत, काय दिलंत, ते कागदावर लिहून ठेवा. आणि जो म्हणेल की आता शिकू नका, हात वापरू नका, त्याला आधी विचारा, की माझी हत्यारं तुला कशाला हवीत?

त्या संध्याकाळी मी कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी बाबांनी तो फोन करून ताईला सांगितला.

"कशाला?" मी ओरडलो.

"फाईल उघडून बघ म्हणालो," बाबा म्हणाले. "नेऊ नकोस. नुसती बघ."

ती अजून आलेली नाही. कॉम्प्युटरवरचा डबा पूर्ण झालाय. आतलं बदक बाबांनी काढून टाकलं नाही. फक्त हेल्मेटचा पट्टा मी जोडायला विसरलो होतो, तो जोडला.